अभियांत्रिकी शिक्षणाचा संशोधन गट: पाटी लावण्याआधी प्रश्न ठरवा

नागपुरातल्या एका स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या सहयोगी प्राध्यापकांनी विचारलं आहे: "आम्ही वेगवेगळ्या विभागांतले पाच-सहा जण आहोत. शिकवण्याच्या पद्धतींवर प्रत्येकाने थोडंफार लिहिलं आहे. आता प्राचार्य म्हणतात, अभियांत्रिकी शिक्षणाचं संशोधन केंद्र काढा. खोली मिळेल, थोडा निधीही मिळेल. सुरुवात कुठून करावी? याला संशोधन म्हणून कुणी मानेल का? पीएच.डी. कुठे नोंदवायची? आणि पॉलिटेक्निकच्या शिक्षकांना सोबत घ्यावं का?"

सर, खोली घ्या, निधी मिळत असेल तर तोही घ्या, पण केंद्राची पाटी इतक्यात लावू नका. आधी एक प्रश्न ठरवा. तो तुमच्यापैकी निदान तिघांच्या वर्गात दर सत्रात डोकं वर काढणारा असावा आणि त्याचं उत्तर आज तुमच्यापैकी कुणालाच माहीत नसावं. मग त्या प्रश्नाबद्दल गोळा केलेली एकच सामग्री (विद्यार्थ्यांची उत्तरं, मुलाखतींचे उतारे) सगळ्यांनी मिळून, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी बसून वाचायची. असं वर्षभर चाललं की गट झाला असं समजा. मी मेकॅनिक्स शिकवते आणि बरीच वर्षं नागपुरातच हे काम करते आहे. जे गट टिकलेले पाहिले ते असेच बनले होते. जे विरून गेले त्यांच्याकडे खोली होती, सल्लागार मंडळ होतं, उद्घाटनही थाटात झालं होतं. एकत्र बसून उकलावा असा प्रश्न मात्र त्यांच्याकडे नव्हता.

आपल्याकडे नेमकं घोडं कुठे पेंड खातं, तर शिकवणं सुधारणं, मानांकनाचे कागद आणि शिक्षणावरचं संशोधन या तिन्ही गोष्टी एकाच नावाखाली खपतात. जून २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांच्या मानांकनाला देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला. त्यानंतर एनबीएच्या (राष्ट्रीय मानांकन मंडळाच्या) तयारीत सीओ-पीओ मॅपिंग, म्हणजे विषयाची उद्दिष्टं पदवीच्या उद्दिष्टांशी जोडणं, आणि ती किती साधली याचे, अटेनमेंटचे, तक्ते भरणं प्रत्येक विभागाच्या अंगवळणी पडलं. ते काम आवश्यक आहे, मी स्वतः ते करते. पण किती विद्यार्थी कुठल्या पातळीपर्यंत पोहोचले एवढंच तो तक्ता सांगतो. बाकीचे का पोहोचले नाहीत, हे त्यात कुठेच येत नाही. तसंच, वर्गात नवा प्रयोग केला आणि शेवटी 'तुम्हाला आवडलं का' अशी प्रश्नावली भरून घेतली, तर तो अभिप्राय झाला. त्याचा शिक्षकाला उपयोग होतो, दुसऱ्या गावातल्या शिक्षकाला त्यातून काही शिकता येत नाही. संशोधन म्हणायचं तर तुमच्या वर्गात जे दिसलं ते का दिसलं याचं पटेल असं स्पष्टीकरण हवं, आणि ते आधीच्या अभ्यासकांच्या कामाशी पडताळून पाहिलेलं हवं.

मान्यतेची काळजी फार करू नका. अमेरिकेतली अभियांत्रिकी शिक्षणाची संस्था एएसईई १८९३ पासून काम करते आहे. २००४ मध्ये पर्ड्यू आणि व्हर्जिनिया टेक या दोन विद्यापीठांनी या विषयाचे स्वतंत्र विभाग सुरू केले. तिथे आज स्थापत्य किंवा विद्युत विभागासारखाच हा विभाग असतो, त्याचे स्वतःचे प्राध्यापक आणि पीएच.डी.चे विद्यार्थी असतात. डेन्मार्कचं ऑल्बोर्ग विद्यापीठ १९७४ मध्ये स्थापनेपासूनच प्रकल्पाधारित शिक्षणावर उभं राहिलं आणि आपल्याच पद्धतीवर सातत्याने संशोधन करत आलं. आपल्याकडे आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानाचा आंतरविद्याशाखीय पीएच.डी. कार्यक्रम २०१० पासून आहे. हुबळीच्या केएलई तंत्रज्ञान विद्यापीठात यासाठी वेगळं केंद्र आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या आययूसीईई या भारत-अमेरिका अभियांत्रिकी शिक्षण सहयोगाच्या परिषदांत देशभरचे अभियांत्रिकी शिक्षक भेटतात, आणि या विषयाला वाहिलेलं 'जर्नल ऑफ इंजिनिअरिंग एज्युकेशन ट्रान्स्फॉर्मेशन्स' तर सांगली जिल्ह्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमधून निघतं. म्हणजे ज्या विषयात तुम्ही पाऊल टाकताय तो जुना आहे, त्यात लोक आहेत आणि त्यांना तुमच्या कामाची कदर आहे. नागपुरात तो रुजवायचं काम बाकी आहे.

आता प्रश्न म्हणजे नेमकं काय, ते एका उदाहरणातून सांगते. यावर जरा वेळ घेते, कारण बाकी सगळं यातूनच निघतं.

पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समधलं नेहमीचं गणित: खडबडीत जमिनीवर उभी, गुळगुळीत भिंतीला टेकलेली शिडी. फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे शिडीवर लागणारी सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती, काढायचा. गडचिरोली जिल्ह्यातून आलेल्या, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या एका विद्यार्थ्याला आम्ही म्हटलं, मनात येईल ते बोलत बोलत सोडव, मराठीत बोललास तरी चालेल. त्याने शिडीच्या मध्यावर वजनाचा बाण खाली काढला. जमिनीकडून वर जाणारा बाण काढला. पाया भिंतीपासून दूर सरकेल म्हणून घर्षणाचा बाण भिंतीच्या दिशेने काढला, तोही अचूक. वरच्या टोकाशी काहीच काढलं नाही. मुलाखत घेणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं, "भिंतीकडून काही?" तो म्हणाला, "भिंत काही करत नाही सर, ती नुसती उभी आहे. शिडी तिला टेकली आहे." "आणि जमीन?" "जमिनीनं तर वजन उचललं आहे ना."

पुढे त्याने आडव्या दिशेतल्या बलांची बेरीज शून्य धरली. आडवं बल त्याच्या आकृतीत एकच होतं, घर्षणाचं. म्हणजे घर्षण शून्य, असं म्हणून त्याने बरोबर काढलेला बाण खोडून टाकला. मग मोमेंटचं, म्हणजे बलांच्या फिरवण्याच्या परिणामाचं, समीकरण काही केल्या जुळेना, तेव्हा थांबला.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत यातलं काहीही दिसलं नसतं. आकृती चूक, गुण शून्य, पुढचा पेपर. पण त्या बोलण्याचा शब्दशः उतारा समोर ठेवून आम्ही बसलो तेव्हा तासभर वाद झाला. एक जण म्हणाले, याला न्यूटनचा तिसरा नियम समजलेला नाही. दुसरे म्हणाले, नियम येतो, गुळगुळीत पृष्ठभागाचा सराव कमी पडला. आमच्यात शिक्षणशास्त्राच्या एक मॅडम होत्या, मेकॅनिक्सचा त्यांचा काही संबंध नाही. त्यांनी विचारलं, "जमिनीचा बाण त्याने कुणी न सांगता काढला, मग भिंतीचाच का नाही?" त्या एका प्रश्नाने चर्चेची दिशाच बदलली. मुलाच्या डोक्यात एक नियम होता आणि तो त्याला नीट धरून चालला होता: जे वजन पेलतं ते ढकलतं, ज्याला नुसतं टेकायचं ते काही करत नाही. आकृतीतली चूक आणि नंतर खोडलेला बाण, दोन्ही याच नियमातून आले होते.

जिम मिन्स्ट्रेल यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी मुलांबद्दल याच्या जवळचं निरीक्षण लिहून ठेवलं आहे. टेबलावर पुस्तक ठेवलं तर टेबल पुस्तकाला वर ढकलतं हे अनेक मुलांना पटत नाही, त्यांच्या मते टेबल फक्त वाटेत आडवं आलेलं असतं. आमच्या विद्यार्थ्याने जमिनीपुरती ही अडचण ओलांडली होती, भिंतीपाशी तो अडकला. आता इथून खरा संशोधनाचा प्रश्न तयार होतो. आधार आडव्याचा तिरपा आणि तिरप्याचा उभा होत गेला, तर विद्यार्थ्यांचं उत्तर कुठे बदलतं? तिसऱ्या सत्रात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये बीमचे आधार येतात तेव्हा हाच नियम पुन्हा दिसतो का? गणित तेच ठेवून फक्त पृष्ठभागाचा कल बदलणारे चार प्रश्न करा, ते तुमच्या दोन-तीन विभागांतल्या विद्यार्थ्यांना द्या, काहींना बोलत सोडवायला सांगा. एका सत्रात करता येईल असं हे काम आहे आणि त्यातून निघालेलं उत्तर पुण्याच्या किंवा पाटण्याच्या शिक्षकालाही कामाला येईल.

त्या मॅडमबद्दल मुद्दाम लिहिलं. तुमच्या पाच-सहा जणांत सगळे अभियंतेच दिसतात, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. मॉरा बोरेगो यांनी २००७ मध्ये अमेरिकेत शैक्षणिक संशोधन शिकू पाहणाऱ्या अभियांत्रिकी प्राध्यापकांचा अभ्यास केला. त्यांना कुठे अडखळायला होतं ते वाचताना आपल्याच स्टाफरूममधलं बोलणं ऐकू येतं. स्वतःच्या वर्गापलीकडे उपयोगी पडेल असा प्रश्न मांडणं जड जातं. सैद्धांतिक चौकट कशाला हवी ते कळत नाही. 'समज' किंवा 'आत्मविश्वास' मोजायचा म्हणजे नेमकं काय मोजायचं हे ठरत नाही. मुलाखतींसारख्या गुणात्मक सामग्रीवर विश्वास बसत नाही, आणि दुसऱ्या विद्याशाखेतल्या माणसासोबत काम करायची सवय नसते. यातल्या बहुतेक अडचणींवर उपाय एकच, शिक्षणशास्त्र किंवा मानसशास्त्रात संशोधनाचं रीतसर प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती पहिल्या बैठकीपासून सोबत असणं. विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग नागपुरातच आहे, शहरात बी.एड. महाविद्यालयंही आहेत. तिथे जा, भेटा. आणि 'आमची आकडेमोड करून द्या' असं सांगू नका. प्रश्न ठरवताना त्यांचं म्हणणं तुमच्याइतकंच मोजलं जाईल आणि लेखावर त्यांचं नाव बरोबरीने येईल, हे आधीच बोलून घ्या.

बारा मुलाखतींवरून काय सिद्ध होणार, असं तुमच्यापैकी कुणीतरी पहिल्याच महिन्यात विचारेल. विचारू द्या, शंका रास्त आहे. मुलाखती किती विद्यार्थ्यांचं असं होतं ते सांगत नाहीत. विद्यार्थी विचार कुठल्या वाटेने करतात ते सांगतात. किती जणांचं होतं हे नंतर मोठ्या संख्येवर तपासायचं, आणि तेव्हाचे प्रश्न या मुलाखतींतून घडवायचे. उतारे वाचताना दोघांनी वेगवेगळं बसून प्रत्येक विधानाला संकेत (कोड, म्हणजे ते कुठल्या प्रकारचं विधान आहे ते) द्यायचे, मग ताडून पाहायचं. कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा हा निर्देशांक काढला की योगायोग वगळता दोघांचं किती जुळलं ते कळतं. आकडा कमी आला तर तो वाढवायची घाई करू नका. जिथे जुळलं नाही ती विधानं परत वाचा, संकेतांच्या व्याख्या तिथेच पक्क्या होतात.

विषयाच्या शोधात असाल तर आपल्या भागातला एक सुचवते. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारे विद्यार्थी तुमच्याकडेही असतील. कार्यशाळेत त्यांचा हात बसलेला असतो, मशीन पाहून घाबरत नाहीत, ड्रॉइंग चांगलं वाचतात. तिसऱ्या सत्रात मात्र त्यांच्यासमोर एकदम लाप्लास आणि फूरिए ट्रान्सफॉर्मचं गणित येतं, आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी केलेलं नसतं. 'डिप्लोमाच्या मुलांचं गणित कच्चं' असं म्हणून आपण विषय सोडून देतो. कच्चं म्हणजे कुठे? आंशिक अपूर्णांक अडतात, इंटिग्रेशनचं तंत्र अडतं, की एखादं फंक्शन दुसऱ्या रूपात नेऊन तिथे गणित सोडवायचं ही कल्पनाच नवी असते? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. सत्राच्या सुरुवातीचा ब्रिज कोर्स (राहिलेलं गणित भरून काढणारे जादा तास) पहिल्या दोन ठिकाणी कामाला येईल, तिसऱ्या ठिकाणी कदाचित अजिबात नाही. विदर्भातल्या जवळजवळ प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात हा प्रश्न आहे आणि तो उकलायला लागणारी सामग्री तुमच्या वर्गात बसलेली आहे.

सुरुवातीला बहुतेक गट 'अ' तुकडीला नव्या पद्धतीने आणि 'ब' तुकडीला जुन्या पद्धतीने शिकवून निकालांची तुलना करतात. त्यापासून निदान पहिलं वर्ष लांब राहा. तुकड्या प्रवेशाच्या क्रमाने पडलेल्या असतात, शिक्षक वेगळा असतो, एका तुकडीचा तास सकाळी आणि दुसरीचा जेवणानंतर असतो. फरक आला तरी तो कशामुळे आला ते सांगता येत नाही. शिवाय वर्गात विद्यार्थ्यांना सक्रिय ठेवल्याने निकाल सुधारतात का, या ढोबळ प्रश्नाचं उत्तर जगाला मिळालेलं आहे. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी भौतिकशास्त्राच्या ६२ अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांची माहिती एकत्र केली. सुधारणेला जेवढा वाव होता त्यातली किती सुधारणा झाली हे त्यांनी मोजलं. निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत हे प्रमाण सरासरी ०.२३ होतं, सहभागी पद्धतीच्या वर्गांत ०.४८. २०१४ मध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी व गणितातले २२५ अभ्यास तपासले. नापासांचं प्रमाण सरासरीने व्याख्यानांत ३३.८ टक्के आणि सक्रिय पद्धतींत २१.८ टक्के निघालं. तेव्हा पद्धत चालते का हे पुन्हा सिद्ध करण्यात वर्ष घालवू नका. आपल्या साठ-सत्तरच्या वर्गात, इंग्रजीत बोलायला बिचकणाऱ्या विद्यार्थ्यांत ती कुठे अडते, कुणाला मदत होते आणि कुणाला होत नाही, हे अजून फारसं कुणी पाहिलेलं नाही.

हेक यांनी वापरलेली मुख्य चाचणी म्हणजे फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली, सुमारे ३० बहुपर्यायी प्रश्नांची. तुम्हालाही ती वापरावीशी वाटेल. वापरा, पण मराठीत आणायची असेल तर नुसतं भाषांतर करून थांबू नका. दहा-पंधरा विद्यार्थ्यांकडून प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून घ्या, त्यांना काय विचारलंय असं वाटतं ते ऐका, मग छापा. आणि प्रश्नपत्रिका परत घ्यायला विसरू नका. ती एकदा व्हॉट्सअॅपवर फिरली की तुमच्याच नव्हे, शहरातल्या दुसऱ्या गटाच्याही कामाची राहत नाही.

संमतीबद्दल ठामपणे सांगते. ज्याच्या हातात अंतर्गत गुण आहेत अशा शिक्षकाने 'भाग घेशील का' असं विचारलं तर विद्यार्थी नाही म्हणूच शकत नाही. म्हणून मुलाखत दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याने घ्यावी आणि संमतीपत्रं निकाल लागेपर्यंत त्यांच्याकडेच असावीत. कोण सहभागी झालं हे शिकवणाऱ्याला तोवर कळू नये. संमतीपत्र मराठीतही असावं. माघार घेतली तरी काही बिघडत नाही, हे त्यात पहिल्या दोन ओळींत यावं. बऱ्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांत नैतिकता समितीच नसते, कारण माणसांवर संशोधन आपल्याकडे होत नाही अशी समजूत असते. प्राचार्यांकडे काही मागायचंच असेल तर खोलीच्या आधी ही समिती मागा. त्यात एक सदस्य बाहेरचा आणि एक कायदा जाणणारा असू द्या. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदाही आहे, तेव्हा ध्वनिमुद्रणं नावानिशी कुणाच्या खासगी लॅपटॉपवर पडून राहता कामा नयेत. उतारे करून घेण्यासाठी ती कुठल्याही मोफत एआय सेवेवर चढवू नका. विद्यार्थ्याने तुमच्यावर विश्वास ठेवून आपली न समजलेली गोष्ट बोलून दाखवलेली असते.

वेळेचं काय? यूजीसीच्या २०१८च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. त्यात प्रवेशाचं काम, परीक्षा आणि मानांकन मिळवा. 'जमेल तेव्हा भेटू' म्हटलं की भेटणं होत नाही. वेळापत्रक बनवणाऱ्या सहकाऱ्याला गाठून तुम्हा सगळ्यांचा आठवड्यातला एक तास एकाच वेळी रिकामा करून घ्या, आणि वेळापत्रकात तो तास छापून येऊ द्या. पहिल्या वर्षाचे वर्ग केंद्रीय प्रवेशाच्या (कॅप) फेऱ्यांमुळे उशिरा सुरू होतात, त्यामुळे पहिल्या वर्षावर काम करणार असाल तर मुलाखती पोळा-गणपतीच्या आसपास येतात, तसं नियोजन करा. एप्रिलनंतर विद्यार्थी हाती लागत नाहीत. पेपर संपले की उन्हाच्या आधी ते गावी गेलेले असतात. मे महिना उतारे वाचायला चांगला.

पीएच.डी.चा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं झालं, कारण तरुण सहकारी गटात राहतील की नाही हे यावर ठरतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ नुसार चार विद्याशाखा आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. अभियांत्रिकी पहिलीत, शिक्षणशास्त्र चौथीत. तुमचा विषय बरोबर दोन्हींच्या मध्ये पडतो. अभियांत्रिकीच्या समितीला त्यात अभियांत्रिकी दिसत नाही आणि शिक्षणशास्त्राच्या समितीला उमेदवार आपला वाटत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न असाल तर प्रस्ताव देण्याआधी दोन्ही बाजूंच्या अधिष्ठात्यांना एकत्र भेटा. मार्गदर्शक अभियांत्रिकीचा आणि सहमार्गदर्शक शिक्षणशास्त्राचा, अशी मांडणी समजावून सांगायला सोपी जाते. आराखड्यात विषयातली संकल्पना मध्यभागी ठेवा. 'अध्यापन पद्धतींचा तुलनात्मक अभ्यास' असा विषय दिलात तर दोन्हीकडून परत येण्याची शक्यता जास्त, 'स्थितिशास्त्रातल्या आधार-बलांविषयी विद्यार्थ्यांची समज' असा दिलात तर अभियांत्रिकीच्या लोकांना त्यात आपला विषय ओळखू येतो.

शहरात या बाबतीत आता जागा तयार होते आहे. व्हीएनआयटी ही इथली अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था असल्याने पीएच.डी.चे नियम स्वतःच्या सिनेटमध्ये ठरवते. १९४२ मध्ये सुरू झालेली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था (एलआयटी) २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाली, रामदेवबाबा अभियांत्रिकी महाविद्यालयही २०२४ मध्ये विद्यापीठ झालं. नव्या विद्यापीठांचे नियम अजून ताजे असतात, त्यात अभियांत्रिकी शिक्षण हा पीएच.डी.चा विषय म्हणून घालायला सांगायची हीच वेळ आहे. एकदा एका ठिकाणी झालं की बाकीच्यांना दाखला मिळतो. तोवर तुमच्या महाविद्यालयात प्राचार्यांकडून लेखी घ्या की या विषयातला लेख बढतीच्या वेळी मूळ विषयातल्या लेखाइतकाच धरला जाईल. तोंडी आश्वासन प्राचार्य बदलले की जातं, आणि नुकसान गटातल्या सगळ्यात तरुण माणसाचं होतं. हा कागद हातात नसेल तर सहायक प्राध्यापकांना यात ओढू नका, असं मी स्पष्ट म्हणेन.

निधी फारसा लागत नाही. दोन चांगले रेकॉर्डर, उतारे करणाऱ्या विद्यार्थ्यांना मानधन, परिषदेचा प्रवास. आकडेमोडीसाठी 'आर' हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पहिल्या पन्नास उताऱ्यांचे संकेत साध्या स्प्रेडशीटमध्ये राहतात. स्मार्ट बोर्डवर खर्च करू नका.

पहिल्या वर्षी लेखाचं उद्दिष्ट ठेवू नका, पण वाचन ठेवा: दर पंधरवड्याला एक लेख, सगळ्यांनी वाचून यायचा. दुसऱ्या वर्षी आययूसीईईच्या परिषदेत मांडा, तिथे तुमच्यासारखेच वर्ग शिकवणारे लोक प्रश्न विचारतात. मग त्यावर काम करून वर सांगितलेल्या सांगलीच्या जर्नलकडे जा, पुढे 'आयईईई ट्रान्झॅक्शन्स ऑन एज्युकेशन' किंवा 'युरोपियन जर्नल ऑफ इंजिनिअरिंग एज्युकेशन' आहेत. पंधरा दिवसांत स्वीकृती आणि सोबत पैशाचा आकडा कळवणाऱ्या नियतकालिकांकडे वळू नका, गटाचं नाव तिथे एकदा छापलं की पुसता येत नाही. सगळी सामग्री, संकेतांची वही, संमतीपत्रं आणि बैठकींची टिपणं गटाच्या नावे संस्थेच्या सर्व्हरवर ठेवा आणि समन्वयक दोन वर्षांनी बदला. एका माणसाच्या उत्साहावर चाललेला गट त्याची बदली किंवा निवृत्ती झाली की बंद पडतो, हे मी आपल्याच शहरात पाहिलं आहे.

राहिला पॉलिटेक्निकचा प्रश्न. घ्या, नक्की घ्या. डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांवर काम करणार असाल तर त्यांच्याशिवाय ते अर्धवटच होईल. गणितातलं काय शिकवलं गेलं, काय घाईत उरकलं, कुठला भाग विद्यार्थ्यांनी पाठ करून निभावला, हे तुमच्या कुठल्याही चाचणीपेक्षा तिथल्या शिक्षकांना जास्त नीट माहीत आहे. नागपूरचं शासकीय तंत्रनिकेतन १९१४ पासून आहे, तिथे आणि खासगी पॉलिटेक्निकमध्ये कितीतरी जणांनी उभं आयुष्य शिकवण्यात घालवलं आहे आणि त्यांना संशोधनात कुणी कधी बोलावलेलं नाही. भोपाळच्या एनआयटीटीटीआर या तंत्रशिक्षक प्रशिक्षण संस्थेत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची प्रशिक्षणं झालेली असतात, त्यामुळे अध्यापनाची परिभाषा त्यांना तुमच्याहून जवळची आहे. मात्र त्यांना सामग्री आणून देणारे म्हणून बोलावू नका. प्रश्न ठरवायच्या बैठकीलाच बोलवा, लेखावर नाव राहील हे सांगा, आणि बैठक दुपारी उशिराची ठेवा, म्हणजे त्यांना आपली प्रॅक्टिकल आटोपून येता येईल.